बालीतील बुटीक हॉटेल निवडताना

मधुचंद्र, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस किंवा निवृत्तीनंतरचा पहिला मोठा प्रवास. अशा निमित्तांनी इंडोनेशियातील बाली बेटाचे नाव आता शहरी मराठी घरांत सहज घेतले जाते. बालीला भेट देणाऱ्या परदेशी पर्यटकांमध्ये २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी ऑस्ट्रेलियाखालोखाल भारतीयांचा क्रमांक होता. या प्रवासातील मोठा खर्च असतो तो राहण्याचा. तरीही हॉटेलची निवड बहुधा चार छायाचित्रे पाहून उरकली जाते. हिरवीगार भातखाचरे, काठाशी निळा तलाव आणि तलावात तरंगणारा न्याहारीचा ट्रे एवढे दिसले, की आगाऊ रक्कम भरली जाते. तेथे पोहोचल्यावर मात्र समुद्र दीड तासावर असल्याचे किंवा शेजारी नव्या इमारतीचे काम सुरू असल्याचे कळते.

बुटीक म्हणजे काय?

‘बुटीक’ हा सरकारी दर्जा नव्हे. पंचतारांकित म्हणवून घेण्यासाठी काही निकष पूर्ण करावे लागतात. बुटीक हा शब्द कोणीही पाटीवर लिहू शकतो. मोजक्या खोल्या, स्वतःची वास्तुशैली आणि पाहुण्याला नावाने ओळखणारा सेवकवर्ग, एवढी त्यामागची सर्वसाधारण कल्पना. हा शब्द १९८०च्या दशकात न्यूयॉर्कमधील हॉटेलांमुळे रूढ झाला. बालीत मात्र ही कल्पना त्याआधीच रुजली होती. सानूर किनाऱ्यावर विजा वावो-रुंटू यांनी १९६२ मध्ये ‘तांजुंग सारी’ हे छोटे, बंगलीवजा हॉटेल सुरू केले. त्याच किनाऱ्यावर १९६६ मध्ये ‘बाली बीच’ हे दहा मजली हॉटेल उभे राहिले. ते डोळ्यांत इतके खुपले, की त्यानंतर नारळाच्या झाडापेक्षा, म्हणजे सुमारे १५ मीटरपेक्षा, उंच इमारत बांधू नये असा नियम झाला. बालीत ठेंगणी, अंगणाभोवती वसलेली हॉटेले दिसतात, त्यामागे परंपरेइतकाच या नियमाचाही वाटा आहे.

आधी गाव, मग हॉटेल

मोठ्या रिसॉर्टला स्वतःचा किनारा, बाग आणि चार-पाच उपाहारगृहे असतात. कुंपणाबाहेर काय आहे याने फारसा फरक पडत नाही. बुटीक हॉटेलचे तसे नसते. दहा-वीस खोल्यांचे हॉटेल निवडणे म्हणजे खरे तर ते गाव निवडणे होय.

सानूरचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. प्रवाळांच्या आडोशामुळे तेथील पाणी शांत असते, मात्र ओहोटीच्या वेळी पोहता येईल इतके उरत नाही. ज्येष्ठांसाठी व लहान मुलांसाठी ही जागा सोयीची. पश्चिमेकडील सेमिन्याक व चांगू येथे सूर्यास्त, खाद्यगृहे आणि रात्रीची वर्दळ आहे. सोबत वाहतुकीची कोंडी, खवळत्या लाटा आणि सततची बांधकामेही आहेत. दक्षिणेकडील बुकित या चुनखडीच्या भागात कड्यावरून दिसणारा समुद्र अप्रतिम; पण किनाऱ्यावर उतरण्यासाठी अनेक ठिकाणी लांबलचक पायऱ्या आहेत. गुडघेदुखी असणाऱ्यांनी हे आधीच विचारावे. उबुद हे नद्यांच्या दऱ्यांमधले, कलावंतांचे गाव. तेथे समुद्र नाही आणि विमानतळापासून पोहोचण्यास दीड तास सहज लागतो. आठवड्याच्या प्रवासात उबुद आणि एखादा किनारा अशी विभागणी करणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

ऋतूचे गणित

बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेस आहे. महाराष्ट्रात पाऊस कोसळत असतो तेव्हा तेथे कोरडा ऋतू असतो. एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ साधारणपणे कोरडा, तर नोव्हेंबर ते मार्च पावसाचा. त्यामुळे मे महिन्याची सुटी उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये दर चढलेले असतात. नाताळात दरही चढे आणि पाऊसही जोरात, शिवाय पश्चिम किनाऱ्यांवर समुद्रातून कचरा वाहून येण्याचेही हेच दिवस. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी उघड्या न्हाणीघराच्या मोहात पडण्यापूर्वी डास व पाली यांचाही विचार करावा.

आणखी एक तारीख पाहायला हवी. बालीतील हिंदूंचे नववर्षही शक कालगणनेनुसार येते. ‘न्येपी’ नावाच्या या दिवशी संपूर्ण बेट मौन पाळते. अग्नी, काम, प्रवास आणि करमणूक वर्ज्य. विमानतळही २४ तास बंद. पर्यटकांनाही हॉटेलच्या आवारातच राहावे लागते. २०२३ मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा २२ मार्च या एकाच दिवशी आले होते. अधिक मासामुळे काही वर्षी महिनाभराचा फरक पडतो. पाडव्याच्या सुमारास जाणाऱ्यांनी ही तारीख पाहूनच तिकिटे काढावीत. ज्यांना ती शांतता अनुभवायची आहे, त्यांनी त्या दिवसासाठी चांगले स्वयंपाकघर असलेले हॉटेल निवडावे.

दरामागचे दोन अधिकचिन्ह

बालीतील दरपत्रकात आकड्यापुढे अनेकदा ‘++’ असे चिन्ह असते. त्याचा अर्थ दहा टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर दहा टक्के कर. म्हणजे २०० डॉलरची खोली प्रत्यक्षात २४२ डॉलरला पडते. याखेरीज १४ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पर्यटकाला दीड लाख रुपियाचा प्रवेशकर भरावा लागतो. न्याहारी, विमानतळावरून ने-आण आणि आरक्षण रद्द केल्यास परतावा यांबाबतची उत्तरे लेखी घ्यावीत. अनेक छोटी हॉटेले मुलांना प्रवेश देत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. परवान्याची चौकशी संकोच न करता करावी. जुलै २०२५ मध्ये बुकितमधील बिंगिन किनाऱ्यावरची चाळीसहून अधिक बेकायदा बांधकामे प्रशासनाने पाडण्यास घेतली, त्यांत पर्यटकांच्या निवासांचाही समावेश होता.

खिडकीतले शेत कोणाचे?

ज्या दृश्यासाठी पर्यटक सर्वाधिक पैसे मोजतो, ते हॉटेलचे नसते. पायऱ्यापायऱ्यांच्या भातखाचरांमागे ‘सुबाक’ ही शेतकऱ्यांची पाणीवाटपाची, मंदिरांशी जोडलेली व्यवस्था आहे. तिची परंपरा नवव्या शतकापर्यंत मागे जाते. युनेस्कोने २०१२ मध्ये तिच्या भूदृश्याचा जागतिक वारशात समावेश केला. पण खाचरांच्या जागी व्हिला उभे राहत आहेत आणि दक्षिण बालीत भूजलाचा उपसा ही गंभीर चिंता बनली आहे. शेजारच्या शेतकऱ्याने भात लावणे सोडले, तर छायाचित्रातली हिरवाई पुढच्या वर्षी भिंत झालेली असेल.

म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी हॉटेलला दोन प्रश्न अवश्य विचारावेत: समोरचे शेत कोणाचे आहे आणि पाणी कोठून येते? काही हॉटेले आसपासच्या शेतकऱ्यांकडूनच तांदूळ आणि भाजी घेतात, सांडपाणी शुद्ध करून बागेला वापरतात आणि हे अभिमानाने सांगतात. ज्यांच्याकडे उत्तर नसते, ती विषय बदलतात. त्याबरोबरच गेल्या दोन-तीन महिन्यांतील पाहुण्यांचे अभिप्राय वाचावेत आणि त्यांत ‘बांधकाम’, ‘आवाज’ हे शब्द शोधावेत. प्रत्येक खोलीला स्वतंत्र तलाव असण्यापेक्षा सकाळी खिडकी उघडल्यावर पाटाच्या पाण्याचा आवाज येणे, ही बालीतली खरी चैन आहे. ती टिकवणारे हॉटेल थोडे महाग पडले, तरी निवड चुकणार नाही.