उतारावरचं रिमोट ग्रासकटर घेताय?
चढावरच्या आंबा-काजूच्या बागेसाठी रिमोटचं मशीन बघत असाल, तर आधी उताराचा आकडा नीट वाचा. १०० टक्के उतार म्हणजे उभा कडा नव्हे, ४५ अंश! जाहिरातीत अर्थातच मोठा आकडा असतो. मशीन चढेलही, पण इंजिनाचं काय? साधं इंजिन फार कललं की तेल एका बाजूला जातं, आतले भाग कोरडे पडतात नि इंजिन जाम होतं. ऑइल पंप आहे का, इंजिन किती अंशांपर्यंत चालतं, हे लेखी घ्या. चाकांपेक्षा रबरी पट्टे बरे. ओल्या गवतावर तेही घसरतात. जांभ्याचे खडे असतील तर फ्लेल पाती (आडव्या दांड्याला लटकणारी छोटी पाती) बघा, आडवं फिरणारं पातं दगड लांब भिरकावतं. सिग्नल तुटल्यावर मशीन जागीच थांबतं का, ते दुकानात नको, उतारावरच तपासा. उभे मात्र वरच्या बाजूला राहा!