लिस्बनमधील चार तास

विमान बदलण्यासाठी परक्या शहरी दहा तास थांबावे लागले, तर बहुतेक प्रवासी विमानतळावरील खुर्चीतच पेंगत बसतात. अमेरिकेकडे जाताना आमच्या वाट्याला असे दहा तास आले ते पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बन येथे. ज्या राज्याची सत्ता गोमंतकावर १५१० पासून १९६१ पर्यंत होती, त्याची राजधानी दाराशी आली असता पेंगत बसणे आम्हांस बरे वाटले नाही.

प्रथम हिशेब मांडला. विमानतळाबाहेर पडण्यास भारतीय नागरिकाला शेंगेन प्रवेशपरवाना लागतो. तो आम्ही निघण्यापूर्वीच घेतला होता. विमानातून उतरून तपासणी आटोपण्यास दोन तास, परतीच्या तपासणीसाठी तीन तास आणि शहरात जाण्यायेण्यास एक तास धरला. उरले चार! चार तासांत सारे शहर पाहू म्हणणारा काहीच पाहत नाही. म्हणून आम्ही एकच सूत्र धरले : तेजो नदीचा काठ. कारण हिंदुस्थानाकडे येणारी पहिली पोर्तुगीज गलबते याच काठावरून सुटली होती.

भुयारी रेल्वेने, वाटेत एकदा गाडी बदलून, आम्ही नदीजवळच्या भागात उतरलो. तेथील विस्तीर्ण चौकाला लोक आजही ‘राजवाड्याचे अंगण’ म्हणतात; परंतु राजवाडा मात्र तेथे नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी मोठा भूकंप झाला, पाठोपाठ समुद्राच्या लाटा आत घुसल्या आणि मग आगीने उरलेसुरले शहर गिळले. राजवाडाही त्यातच गेला. पोंबाल या मंत्र्याने हा भाग नव्याने वसविला. सरळ रस्ते आखले आणि घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडे बसविले. लाकूड हादऱ्याबरोबर लवते, पण चटकन मोडत नाही, हे त्यामागील तत्त्व. या रचनेला तेथे ‘पिंजरा’ असे नाव आहे.

चौकाच्या एका बाजूस एकोणिसाव्या शतकात पूर्ण झालेली भव्य कमान आहे. तिच्यावरील पुतळ्यांत वास्को द गामा दिसला आणि आम्हांस एकदम जुन्या गोव्याची आठवण झाली. मांडवीच्या धक्क्यापासून वर जाताना लागणाऱ्या व्हाइसरॉयच्या कमानीवरही हाच पुरुष उभा आहे! त्याचा पणतू गोव्याचा व्हाइसरॉय असताना त्याने ती कमान पणजोबांच्या स्मरणार्थ उभारली. दोन नद्या, दोन कमानी आणि दोहोंवर एकच माणूस. एक टोक आपण लहानपणापासून पाहत आलो. दुसरे त्या दिवशी पाहिले.

पुढे ट्राममध्ये बसून आम्ही बेलें येथे गेलो. वाटेत एका दुकानात ‘बटाटा’ आणि ‘अननस’ हे आपलेच शब्द जवळजवळ जसेच्या तसे ऐकू आले तेव्हा गंमत वाटली. खरे पाहता ते शब्द पोर्तुगिजांबरोबरच आपल्याकडे आले. ‘पाव’, ‘चावी’ आणि ‘पगार’ यांची वाटही तीच.

८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामा बेलें येथूनच निघाला आणि पुढील वर्षी मे महिन्यात कालिकतला पोहोचला. पुढे राजा मानुएल याने त्या जागी जेरोनिमुस मठ बांधावयास घेतला. त्याच्या पांढऱ्या दगडात दोरखंड, पाने व सागरी वस्तू इतक्या नाजूकपणे कोरल्या आहेत की, लाकूड कोरल्याचा भास व्हावा. या बांधकामास पैसा कोठून आला? पूर्वेच्या व आफ्रिकेच्या व्यापारावरील करातून. विसावा हिस्सा मठाकडे जाई. म्हणजे मलबारच्या मिऱ्यांचा वाटा या खांबांत आहे.

आत वास्को द गामाचे थडगे आहे. १५२४ मध्ये तो कोचीनला मरण पावला. त्याच्या अस्थी पुढे पोर्तुगालला नेल्या आणि १८८० मध्ये या मठात आणल्या. थडग्यावर गलबत कोरले आहे. त्याच माणसाने १५०२ मध्ये मलबारच्या समुद्रात यात्रेकरूंचे जहाज माणसांसकट जाळले, ही गोष्ट मात्र त्या शिल्पात नाही. आम्ही तेथे हात जोडले नाहीत, आणि रागही धरला नाही. फक्त पूर्ण गोष्ट मनात ठेवून पाहिले.

बाहेर येऊन नदीकाठी उभे राहिलो. याच काठाने पश्चिमेस थोडे पुढे काशियासचा किल्ला आहे. गोमंतकात मराठीचे शिक्षक म्हणून राहिलेले मोहन रानडे १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले; पुढे त्यांना त्या किल्ल्यात डांबण्यात आले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला. रानडे सुटले १९६९ मध्ये! तेथवर जाण्यास वेळ उरला नव्हता. आम्ही त्या दिशेस पाहून क्षणभर स्तब्ध उभे राहिलो आणि ट्रामकडे वळलो.

विद्यार्थी मित्रहो, प्रवासात वेळ थोडा असला तरी चालतो. बरोबर एखादा प्रश्न मात्र असावा. आणि पुढच्या सहलीत जुन्या गोव्याच्या त्या कमानीखालून जाल, तेव्हा मान वर करून अवश्य पाहा. त्या वाटेचे दुसरे टोक तेजोच्या काठी आहे, आणि तेथील गोष्ट पूर्ण करण्याचे काम आपले आहे.