रुग्णालयातील संघर्ष : कारणे, किंमत आणि व्यवस्थापन

रुग्णालय ही अशी संस्था आहे की, जिच्या दारात माणूस आनंदाने क्वचितच येतो. वेदना, भीती, खर्चाची चिंता आणि अनिश्चितता बरोबर घेऊनच तो येतो. ज्यांच्याशी त्याची गाठ पडते ते डॉक्टर, परिचारिका आणि कक्षसेवकही बहुधा कामाच्या ओझ्याने थकलेले असतात. अशा ठिकाणी वादाचे प्रसंग उद्भवणे अस्वाभाविक नाही. तथापि, वादाचे पर्यवसान मारहाण आणि मोडतोडीत होऊ लागते, तेव्हा तो दोन व्यक्तींमधला प्रश्न राहत नाही. तो आरोग्यसेवेच्या उपलब्धतेचा प्रश्न बनतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ८ ते ३८ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना सेवाकाळात केव्हा ना केव्हा शारीरिक हिंसेला तोंड द्यावे लागते. धमक्या आणि शिवीगाळ सोसणाऱ्यांचे प्रमाण याहून अधिक आहे. म्हणजेच हा प्रश्न केवळ भारतापुरता मर्यादित नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, जागतिक आरोग्य संघटना आणि परिचारिकांची आंतरराष्ट्रीय परिषद यांनी इतर संस्थांसह २००२ मध्येच आरोग्य क्षेत्रातील कार्यस्थळी होणाऱ्या हिंसेबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती. कर्मचाऱ्याला पोहोचणारी इजा हा व्यवसायाचा अटळ भाग नसून, कामाची रचना बदलून टाळता येण्याजोगा धोका आहे, हे त्यामागचे सूत्र होते. आपल्याकडे मात्र चर्चेचा भर प्रामुख्याने शिक्षेवर राहिला.

कायद्याची चौकट

आंध्र प्रदेशाने २००८ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१० मध्ये वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्था यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदे केले. महाराष्ट्राच्या कायद्यानुसार असा हल्ला हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून, त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मोडतोड झालेल्या उपकरणांच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाईही द्यावी लागते. कोविड साथीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, केंद्र सरकारने वटहुकूम काढून १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती केली. गंभीर इजा झाल्यास सात वर्षांपर्यंत कारावास, ३० दिवसांत तपास आणि एका वर्षात खटल्याचा निकाल, अशी तिची चौकट होती.

तरीही घटना थांबल्या नाहीत. मार्च २०१७ मध्ये धुळे येथील हल्ल्यानंतर महाराष्ट्रातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. जून २०१९ मध्ये कोलकात्यातील हल्ल्यानंतर देशभर काम बंद आंदोलन झाले. मे २०२३ मध्ये केरळातील कोट्टारक्करा येथे पोलिसांनी उपचारासाठी आणलेल्या व्यक्तीने तरुण डॉक्टरची हत्या केली. त्यानंतर त्या राज्याने आपला कायदा अधिक कठोर केला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातील वैद्यकीय महाविद्यालयात प्रशिक्षणार्थी डॉक्टरवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. या गुन्ह्याचे स्वरूप नातेवाइकांच्या उद्रेकापेक्षा सर्वस्वी वेगळे होते. पण रात्रपाळीत विश्रांतीसाठी सुरक्षित खोलीसुद्धा नसावी, हे वास्तव त्यातून उघड झाले. सर्वोच्च न्यायालयाने त्यानंतर राष्ट्रीय कृती दल नेमले. केंद्रीय आरोग्य यंत्रणेनेही हिंसेच्या घटनेनंतर जास्तीत जास्त सहा तासांत संस्थेने स्वतः गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर टाकली.

कायदा आवश्यक आहे, याविषयी दुमत नाही. परंतु शिक्षेचे भय त्यालाच रोखते, जो कृतीपूर्वी परिणामांचा हिशेब करतो. नुकताच आपला माणूस गमावलेला जमाव असा हिशेब करीत नाही. म्हणून शिक्षेइतकाच विचार शिक्षेआधीच्या अर्ध्या तासाचा व्हावयास हवा.

संतापामागचे अर्थकारण

नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मधील आपल्या निबंधात वैद्यकीय सेवेची बाजारपेठ इतर बाजारपेठांहून वेगळी का, याचे विवेचन केले. येथे विकत घेणाऱ्याला आपण काय विकत घेत आहोत हे माहीत नसते, सेवेचा परिणाम अनिश्चित असतो आणि ती आधी पारखून पाहता येत नाही. ही उणीव विश्वासाने भरून निघते. साहजिकच विश्वास ढळला की, माहितीची जागा संशय घेतो. तपासणी गरजेची होती की बिल वाढवण्यासाठी, रुग्णाला दुसरीकडे पाठवले ते हितासाठी की जबाबदारी टाळण्यासाठी, असे प्रश्न मनात घर करतात.

त्यात पैशाची भर पडते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्य खर्चात लोकांनी थेट खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह आहे. तथापि उरलेला भार कुटुंबावर बहुधा संकटाच्या घडीलाच येऊन पडतो. अनामत रकमेसाठी दागिने गहाण ठेवणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने उपचारांचे अपयश हे दुहेरी नुकसान असते.

दुसरे अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलेला विचारही येथे उपयुक्त ठरतो. एखाद्या संस्थेची सेवा खालावली, तर ग्राहकापुढे दोन मार्ग असतात : ती सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. अपघात विभागात मध्यरात्री आलेल्या रुग्णाला सोडून जाण्याचा मार्ग नसतो. आवाज उठवावा, तर ऐकून घेणारी खिडकी त्या वेळी बंद असते. जे निर्णय घेतात ते अधिष्ठाता किंवा मालक समोर नसतात; समोर असतात कनिष्ठ निवासी डॉक्टर आणि परिचारिका. खाटा कमी आहेत, औषध संपले आहे, यंत्र बंद आहे, यांपैकी कशालाही ते जबाबदार नसतात. मात्र रोष त्यांच्यावरच कोसळतो. हे हिंसेचे समर्थन नव्हे; हिंसा कोठे पेटते, याचे ते स्पष्टीकरण आहे.

याची किंमत कोण मोजतो?

हल्ल्यानंतर फुटलेल्या काचांची किंमत मोजता येते. खरा खर्च मात्र हिशेबाच्या वहीत दिसत नाही. गुंतागुंतीच्या रुग्णाला हात लावण्याऐवजी त्याला मोठ्या शहरात पाठवून देण्याकडे छोट्या रुग्णालयांचा कल वाढतो. बचावासाठी जादा तपासण्या लिहून दिल्या जातात. ग्रामीण भागात एकट्याने रात्रपाळी करण्यास तरुण डॉक्टर, विशेषतः महिला डॉक्टर, राजी होत नाहीत. आंदोलनाच्या दिवसांत बाह्यरुग्ण विभाग बंद राहतात, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे जातात. खासगी रुग्णालयात जाण्याची ऐपत असलेला यातून मार्ग काढतो; ज्याला सरकारी रुग्णालयाशिवाय आधार नाही, तो परत जातो. थोडक्यात, एका रात्रीच्या संतापाची किंमत दुसऱ्या दिवशीचा गरीब रुग्ण मोजतो.

प्रसंग हाताळण्याचे शास्त्र

आक्रमक वर्तन बहुधा अचानक उद्भवत नाही. आवाज चढणे, येरझाऱ्या घालणे, एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे, मुठी आवळणे, दारापाशी माणसे जमू लागणे, ही त्याची पूर्वचिन्हे होत. ती ओळखून करावयाच्या गोष्टी फारशा खर्चिक नाहीत.

प्रथम, आक्रमक व्यक्ती हीच रुग्ण आहे काय, हे पाहावे. रक्तातील साखर किंवा प्राणवायू कमी होणे, डोक्याला मार लागणे, मद्य अचानक सुटणे यांमुळेही माणूस हिंसक होऊ शकतो. येथे वर्तन हे आजाराचे लक्षण असते आणि उपचार हाच उपाय असतो. मनोरुग्णांच्या बाबतीत २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बांधून ठेवण्यास केवळ तातडीची हानी टाळण्यासाठी, दुसरा मार्ग नसेल तेव्हाच परवानगी दिली आहे.

दुसरे, संवाद एकानेच साधावा. पण त्याला एकटे सोडू नये. दोन हातांचे अंतर राखावे, स्वतःची आणि समोरच्याची दाराकडची वाट मोकळी ठेवावी, आवाज खाली आणि वाक्ये छोटी असावीत. ‘शांत व्हा’ असा हुकूम सोडण्यापेक्षा ‘तुम्ही दोन तास थांबला आहात, हे खरे आहे’ असे म्हणणे अधिक परिणामकारक ठरते. जे शक्य नाही त्याचे आश्वासन देऊ नये. सभ्यतेची मर्यादा ओलांडली गेल्यास ती स्पष्ट शब्दांत सांगावी आणि तरीही धोका वाढला, तर तेथून बाजूला होऊन मदत बोलवावी. त्यासाठी ठरलेला सांकेतिक शब्द आणि धोक्याची घंटा सर्वांना ठाऊक हवी.

तिसरे, मृत्यूची वार्ता कशी द्यावी, याचे प्रशिक्षण सर्वांत महत्त्वाचे. ती मार्गिकेत उभ्याउभ्या देऊ नये आणि आंतरवासीय विद्यार्थ्यावर तर मुळीच सोपवू नये. वरिष्ठ डॉक्टरने जवळच्या नातेवाइकांना वेगळ्या खोलीत बसवून, मोघम शब्द टाळून ती सांगावी आणि त्यांच्या प्रश्नांसाठी तेथे थांबावे. रुग्ण गंभीर असल्याची कल्पना आधीपासून टप्प्याटप्प्याने दिलेली असेल, तर आघात टळत नाही. पण फसवणूक झाल्याची भावना टळते.

चौथे, प्रतीक्षेला अर्थ द्यावा. तातडीनुसार रुग्णांचा क्रम लावण्याची पद्धत अपघात विभागात अपरिहार्य असते. पण आपल्यामागून आलेला आधी का गेला, हे कोणी सांगितले नाही, तर ती पद्धत अन्याय वाटते. क्रमाचे नियम दर्शवणारा, स्थानिक भाषेतील फलक आणि दर अर्ध्या तासाने स्थिती सांगणारा एक कर्मचारी एवढ्याने पुष्कळ वाद मिटू शकतात.

संस्थेच्या आतील तणाव

सर्व संघर्ष बाहेरून येत नाहीत. वरिष्ठ-कनिष्ठ डॉक्टर, डॉक्टर आणि परिचारिका, कायम आणि कंत्राटी कर्मचारी यांच्यातील ताण रुग्णसेवेत उतरतो. चारचौघांत अपमानित झालेली परिचारिका पुढच्या वेळी डॉक्टरच्या हातून होणारी चूक दाखवण्यास कचरते आणि त्याचे परिणाम रुग्णाला भोगावे लागतात. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी योजनेने सलग काम सामान्यतः १२ तासांहून आणि आठवड्याचे काम ४८ तासांहून अधिक नसावे, असे म्हटले होते. मोठ्या सरकारी रुग्णालयांतील निवासी डॉक्टरांच्या वाट्याला ही मर्यादा क्वचितच येते. सलग ३० तास जागलेल्या डॉक्टरकडून संयमाची अपेक्षा करणे हे नियोजनाचे अपयश आहे. कार्यस्थळी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील रॅगिंगविरोधी २०२१ चे विनियम यांनी तक्रारीचे मार्ग दिले आहेत. मात्र तक्रारदाराला सूडापासून संरक्षण मिळाले, तरच ते वापरले जातील.

सहभागाचा अनुभव

आवाजाला सनदशीर वाट करून देण्याचे प्रयोग आपल्या देशात झाले आहेत. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात १९९० च्या दशकात आकाराला आलेली रुग्ण कल्याण समितीची कल्पना पुढे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने देशभर नेली. याच अभियानात २००७ पासून महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. तेथील जनसुनवाईत गावकऱ्यांनी औषधांचा तुटवडा, गैरहजेरी, बेकायदा पैशांची मागणी हे विषय अधिकाऱ्यांसमोर मांडले. या प्रक्रियेचे मोल केवळ तक्रार निवारणापुरते नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरच्या अडचणीही गावाला तेथे कळतात आणि औषध न येण्याचे कारण समोरची परिचारिका नाही, हे ध्यानात येते.

पुढील दिशा

या विवेचनातून काही शिफारशी निघतात. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात चोवीस तास उपलब्ध असणारे, निर्णयाचे अधिकार असलेले रुग्ण साहाय्य केंद्र असावे. खर्चाचा अंदाज उपचारांपूर्वी लेखी मिळावा आणि तो वाढणार असल्यास पूर्वकल्पना दिली जावी. आपत्कालीन विभागात प्रवेश नियंत्रित असावा. रुग्णासोबतच्या व्यक्तींची संख्या मर्यादित ठेवताना त्यांना बसण्याची, पाण्याची व माहितीची सोय असावी. संवादकौशल्य आणि आक्रमकता हाताळण्याचे प्रशिक्षण डॉक्टरांबरोबरच परिचारिका, सुरक्षारक्षक, नोंदणी लिपिक आणि आशा कार्यकर्त्या यांनाही मिळावे. लहानसहान घटनांचीही नोंद ठेवून दरमहा तिचा आढावा घ्यावा. हल्ला झालेल्या कर्मचाऱ्याला उपचार, समुपदेशन आणि कायदेशीर मदत संस्थेने द्यावी. फिर्याद त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकू नये.

यांपैकी बहुतेक उपायांचा खर्च एखाद्या नव्या तपासणी यंत्राच्या तुलनेत किरकोळ आहे. अडचण आहे ती त्याच्या वर्गवारीची. अंदाजपत्रकात तो ‘सुरक्षा’ या शीर्षाखाली दाखवला जातो आणि काटकसरीच्या वर्षात प्रथम कापला जातो. वस्तुतः तो रुग्णसेवेचाच खर्च आहे. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये सरकारी आरोग्य खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. वाढीव निधी येईल तेव्हा खाटा आणि इमारतींबरोबर त्यातला एक हिस्सा माणसामाणसांतील विश्वासासाठी राखून ठेवणे अगत्याचे आहे. भयमुक्त डॉक्टर आणि माहितीसंपन्न नातेवाईक हे परस्परांचे प्रतिपक्षी नाहीत. खाटेवरच्या रुग्णाला त्या दोघांचीही गरज असते.