थंडी पडली की उकडहंडी : माकुणसारच्या वाडीत काय शिजतं, काय आठवतं

माकुणसार (ता. पालघर) : भाताची झोडणी आटपली, पेंढा रचून झाला, पहाटे दव पडायला लागलं की आपल्याकडे घरोघर एकच प्रश्न असतो, "हंडी कधी लावायची?" ही हंडी म्हणजे उकडहंडी. मडक्यात भरलेल्या शेंगा आणि कंद, पाण्याचा थेंब न घालता, आगीत भाजलेले.

थंडीतच का?

कारण लागणारं सगळं याच दिवसांत हाताशी येतं. कोनफळ, रताळी पावसाच्या तोंडाशी लावलेली असतात. वेल वाळायला लागले की कंद खणायचे. वाल भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढतो, त्याच्या शेंगा थंडीत भरतात. जाळायला सुका पालापाचोळा आणि पेंढा असतो. आणि मुख्य म्हणजे शेतकऱ्याला संध्याकाळी बसायला सवड असते.

हंडी कशी लावतात?

कंदाचे मोठे तुकडे करायचे. कोनफळ चिरताना हाताला खाजतं, म्हणून तेल लावायचं. आलं, लसूण, मिरची, कोथिंबीर, ओलं खोबरं, ओवा आणि मीठ यांचं वाटण सगळ्याला चोळायचं, वांगी-बटाट्यांत भरायचं. शेंगा अख्ख्याच टाकायच्या. मडक्याला आतून पाल्याचा थर द्यायचा, सगळं दाबून भरायचं आणि तोंड पाल्यानेच गच्च बंद करायचं. मग मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती पेंढा, पाचोळा, गोवऱ्या पेटवायच्या.

पाणी लागत नाही, कारण भाजीतलं पाणीच वाफ होऊन फिरतं. तोंड बंद असल्याने वाफ बाहेर जात नाही. पाल्यामुळे भाजी मडक्याला लागून करपत नाही आणि पाल्याचा वासही उतरतो. कोणी कोंबडी, अंडीही घालतात. मार्गशीर्षात बरेचजण मांसाहार करत नाहीत, तेव्हा नुसत्या भाज्यांची.

रायगडकडे भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी लावतात, ती हिचीच बहीण. वर वलसाडकडे हमरस्त्याला उबाडियूची मडकी विकायला असतात. सुरतच्या उंधियूचं नावही उपड्या मडक्यावरूनच पडलं, आता तो बहुतेक पातेल्यात होतो.

झाली कधी हे कसं कळतं?

आमच्या घरी हे फक्त बाबांना कळायचं. ते घड्याळ बघायचे नाहीत. हातावर पाणी घेऊन मडक्यावर शिंपडायचे, आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "अजून नाय." आम्ही पोरं अंगणात गोधडी पांघरून बसलेलो, भुकेने जीव जायचा. पण एकानेही कधी विचारलं नाही की तुम्ही नेमकं काय ऐकता.

बाबा गेले त्या सालची हंडी मी लावली. पाऊण तास झाला म्हणून काढली. शेंगा शिजलेल्या, कोनफळ मधे कच्चं. विरारहून आलेला भाऊ काही बोलला नाही, शेंगा खाऊन उठला. आईच म्हणाली, "पाणी टाकलं की चर्र होऊन जागीच उडालं पाहिजे. ओघळ खाली आला तर अजून नाय. मला तरी विचारायचंस!" इतकी वर्षं ती वाटण करून आत निघून जाते असं आम्हाला वाटायचं. ती ओट्यावरून बघत होती.

बियाणं राखा

आता अडचण शेंगांचीच आहे. थंडीच्या तोंडावर ढग आले, अवकाळी पडला की वालावर मावा येतो, फुलं गळतात. त्यात वाल लावणारे कमी. आमच्या आजीने राखेत घोळवून मडक्यात ठेवलेलं बी आई अजून तसंच ठेवते. गेल्या साली दोनच ओळी टिकल्या. त्यातल्या एका ओळीच्या शेंगा आम्ही तोडल्याच नाहीत, बियाणाला वेलावर सुकू दिल्या. हंडी लहान झाली.

तुमच्या घरी जुनं बी असेल तर चार वेल राखा, शेजाऱ्यालाही मूठभर द्या. आणि हंडी लावणारं माणूस घरात आहे तोवर त्याच्या बाजूला जाऊन बसा, पोरांनाही बसवा. यंदा पाणी शिंपडायला मी मुलाला पुढे केलंय. तो दोनदा "झालं" म्हणाला, दोन्ही वेळा आईने ओट्यावरून मान हलवली.