विमानाचं अंतरंग (भाग ७) : आधी शेपूट जागं होतं

मागच्या भागात जेट इंजिनाच्या पोटात काय चालतं ते पाहिलं. कॉम्प्रेसर हवा दाबतो, त्या हवेत इंधन जळतं आणि तापलेला वायू मागे धावताना टर्बाइन फिरवतो. कॉम्प्रेसर बसवलेला असतो तो याच टर्बाइनच्या दांड्यावर. म्हणजे कॉम्प्रेसरला टर्बाइन हवं, टर्बाइनला जळता वायू हवा आणि त्या वायूसाठी पुन्हा कॉम्प्रेसरच हवा. मग थंड, थांबलेलं इंजिन मुळात सुरू होतं कसं?

शेतावरचं डिझेल इंजिन हँडल मारून सुरू होतं. बंद सिलिंडरात हवा कोंडली जाते, पहिला स्फोट झाला की काम भागतं. जेट इंजिन मात्र दोन्ही बाजूंनी उघडं असतं. पाती संथ फिरली तर हवा दाबली जातच नाही. त्यामुळे कुणीतरी बाहेरून त्याला मिनिटाला हजारो फेऱ्यांपर्यंत न्यावं लागतं आणि आत ज्योत पेटल्यावरही काही काळ ढकलत राहावं लागतं. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन मेसरश्मिट २६२ या जेट विमानात त्यासाठी इंजिनाच्या तोंडाशीच एक छोटं टू-स्ट्रोक इंजिन बसवलेलं असे. वेळ पडली तर ते दोरी ओढूनही सुरू करता येई. मोठं इंजिन चालू करायला छोटं इंजिन, ही युक्ती आजही टिकून आहे. फक्त ते छोटं इंजिन आता शेपटीत गेलं आहे.

भारतात सर्रास दिसणारं एअरबस ए३२० घ्या. शेपटीच्या अगदी टोकाला एक गोल भोक दिसतं. ते ऑक्झिलरी पॉवर युनिटचं, म्हणजे ‘एपीयू’चं धुरांडं. एपीयू हेही टर्बाइन इंजिनच, पण ते विमान ढकलत नाही. वीज आणि दाबाची हवा पुरवतं. आकाराने लहान असल्यामुळे त्याला फिरवायला विमानाच्या बॅटरीवरची मोटर पुरते. आधी हवेची झडप उघडते, मोटर फिरू लागते, ठिणगी पडते, इंधन येतं. निम्म्याहून थोडा जास्त वेग आला की मोटर सुटते आणि ९५ टक्क्यांच्या आसपास कॉकपिटमध्ये हिरवा दिवा लागतो. आता एपीयूवर भार टाकता येतो.

पुशबॅकच्या सुमारास डोक्यावरचा एसीचा वारा एकाएकी थांबतो, हे अनेकांच्या लक्षात आलं असेल. त्यात बिघाड काही नसतो. एपीयूची हवा तेवढ्यापुरती एसीकडून काढून इंजिनाच्या स्टार्टरकडे वळवलेली असते. हा स्टार्टर म्हणजे हवेवर फिरणारं छोटं टर्बाइन. तेवढ्याच ताकदीच्या विजेच्या मोटरपेक्षा ते बरंच हलकं पडतं.

सीएफएम५६ इंजिन असलेल्या ए३२०मध्ये बहुधा आधी उजवं, म्हणजे दोन नंबरचं इंजिन सुरू करतात. पार्किंग ब्रेकला दाब देणारी हायड्रॉलिक यंत्रणा त्याच्यावर चालते. आतला दांडा पूर्ण वेगाच्या साधारण १६ टक्क्यांवर पोचला की ठिणगी सुरू होते, २२ टक्क्यांवर इंधन येतं. पेटलं तरी स्टार्टर लगेच सोडत नाही. पन्नास टक्क्यांपर्यंत तो जोर लावतच राहतो. तिथून पुढे इंजिन स्वतःच्या बळावर साठ टक्क्यांच्या आसपास येऊन स्थिरावतं.

धोका असतो तो मधल्या टप्प्यात. इंधन जळतंय, पण हवा पुरेशी नाही, अशी स्थिती आली तर तापमान भराभर चढतं आणि टर्बाइनची पाती भाजून निघतात. याला ‘हॉट स्टार्ट’ म्हणतात. जमिनीवर असताना इंजिनाचा संगणक हे ओळखून स्वतःच इंधन तोडतो आणि इंजिन कोरडंच फिरवून थंड करतो.

एपीयू नादुरुस्त असला म्हणून उड्डाण रद्दच होतं असं नाही. वीज आणि हवा पुरवणाऱ्या गाड्या विमानाशी जोडून एक इंजिन सुरू करतात. मग त्या चालू इंजिनाची हवा घेऊन दुसरं. एरवी दोन्ही इंजिनं चालू झाली की एपीयू बंद होतो, कारण तासाला शंभर किलोच्या वर इंधन जाळणारं हे यंत्र उगाच कोण चालू ठेवणार?

पण कधीकधी त्याची गरज हवेतही पडते. १५ जानेवारी २००९ला न्यूयॉर्कहून निघालेल्या यूएस एअरवेजच्या ए३२०ची दोन्ही इंजिनं पक्ष्यांच्या धडकेने निकामी झाली. कॅप्टन सलेनबर्गर यांनी लगोलग एपीयू सुरू केला. आणीबाणीच्या यादीत ही पायरी बरीच खाली होती. वीज टिकली, म्हणून विमानाच्या संगणकीय नियंत्रणाची संरक्षक बंधनंही शेवटपर्यंत शाबूत राहिली. विमान हडसन नदीत उतरलं आणि त्यातले १५५च्या १५५ लोक वाचले.

बोइंग ७८७ने मात्र या साखळीतली हवेची कडीच काढून टाकली. तिथे इंजिनावरचे जनरेटरच सुरुवातीला मोटर होऊन इंजिन फिरवतात. त्यासाठी काय काय बदलावं लागलं, ते पुढच्या आठवड्यात.