सुताच्या तक्त्यातला स्थिरांक

आमच्या सिंदी मेघेला लागूनच असलेल्या वर्ध्यात ऑक्टोबर 1937 मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेच्या पाठोपाठ डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नयी तालीमची जी योजना सिद्ध केली, तिचा मला सर्वाधिक प्रिय वाटणारा विशेष असा की, तीत गणितासारखा विषयही हस्तोद्योगाच्या, म्हणजे मुख्यत्वे सूतकताईच्या, अनुषंगाने शिकवावयाचा होता.

सुताचे जुने मान पाहा: चार फुटांची एक तार, आणि अशा 640 तारांची एक गुंडी. आता तक्त्याच्या एका रकान्यात गुंड्या 2, 3, 5 आणि शेजारच्या रकान्यात तारा 1280, 1920, 3200 मांडून प्रत्येक ओळीत तारांच्या संख्येला गुंड्यांच्या संख्येने भागावे. दर वेळी 640 च येतात, आणि हाच या समचलनाचा, म्हणजे एक राशी ज्या पटीत बदलते त्याच पटीत दुसरीही बदलण्याचा, स्थिरांक होय. तो हाती आला की 7 गुंड्यांच्या तारा तक्त्यात नसल्या तरी 4480 हे उत्तर तत्काळ मिळते.

मात्र एकच ओळ भागून निर्णय देऊ नये, हे मी आग्रहपूर्वक सांगेन. समजा, विजेच्या देयकात स्थिर आकार 80 रुपये व दर युनिटास 5 रुपये आहे. तर 10, 20, 30 युनिटांचे 130, 180, 230 रुपये होतात, आणि प्रत्येक वेळची 50 रुपयांची सारखी वाढ पाहून पुष्कळ विद्यार्थी त्यास समचलन मानतात. परंतु भागाकार 13, 9 आणि सुमारे 7.67 असे निरनिराळे येतात. कारण शून्य युनिटांनाही 80 रुपये भरावेच लागतात.