विश्लेषण : फॉर्म भरला, घरी सांगितले का? गणेशोत्सवातील अवयवदानाचा स्टॉल परिणामकारक कसा होईल?

३ ऑगस्टला अवयवदान दिन, २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा आणि त्याच सुमारास गणेशोत्सव. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडमधील मंडळे आणि स्वयंसेवकांसाठी अवयवदानाचा स्टॉल लावण्याचा हा हंगाम. पण लोक पत्रक घेतात, घडी घालून खिशात ठेवतात आणि पुढे जातात. त्यांना थांबवायचे कसे आणि थांबल्यावर सांगायचे काय?

फॉर्म भरून घेणे पुरेसे का नाही?

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. त्याखालील नियमांनुसार इच्छुक दाता नमुना ७ भरतो. त्यावर दोन साक्षीदार लागतात आणि त्यातील एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. मेंदूमृत्यूनंतर मात्र रुग्णालय कुटुंबाची लेखी संमती घेते, ती नमुना ८ वर. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या मुलाला वडिलांची इच्छा ठाऊकच नसेल, तर तो बहुधा नकार देतो. त्यामुळे किती फॉर्म भरले यापेक्षा किती जण घरी बोलले, हेच स्टॉलचे खरे यश.

जागा कोणती निवडावी?

जिथे लोक आधीच थांबलेले असतात ती. दर्शनाची रांग त्यासाठी उत्तम. शिवाय रांगेत कुटुंब एकत्र असते. अंधेरीचा राजा अनंत चतुर्दशीला नव्हे, तर त्यानंतरच्या संकष्टीला विसर्जित होतो. अशा ठिकाणी संवादाला आणखी काही दिवस मिळू शकतात. बोरिवलीतील नवरात्रीच्या मैदानात गाण्यांपुढे बोलणे ऐकू येणार नाही, तेथे प्रवेशद्वाराबाहेर उभे राहावे. घाटकोपरला मेट्रोतून लोकल पकडायला धावणाऱ्याकडून दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही. तेथे एक ठळक प्रश्न आणि क्यूआर कोड एवढेच ठेवावे.

मंडपाच्या आवारात मंडळाशी, रस्त्यावर किंवा पदपथावर पालिकेच्या विभाग कार्यालयाशी आणि स्थानकात रेल्वे किंवा मेट्रो प्रशासनाशी आधी बोलावे.

लोकांना थांबवायचे कसे?

‘अवयवदान करा’ म्हटले की माणूस मागे सरकतो. ‘चष्मा असलेल्याला नेत्रदान करता येते का?’ असे विचारले की तो उत्तर देतो. (येते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनाही येते.) असे पाच-सहा प्रश्न पुठ्ठ्यावर लिहावेत, उत्तर झडपेखाली ठेवावे. लहान मुले झडप उघडायला येतात आणि त्यांच्यामागे आई-वडील येतात.

स्वयंसेवकाने टेबलामागे बसून राहू नये, पुढे उभे राहावे. एक मराठीत बोलणारा, एक गुजराती किंवा हिंदीत बोलणारा असेल तर घाटकोपर-मुलुंडमध्ये काम सोपे होते.

कोणते प्रश्न हमखास येतात?

- घरी मृत्यू झाला तर? नेत्रदान करता येते, पण साधारण सहा तासांच्या आत. नेत्रपेढीला लगेच फोन करावा, पंखा बंद करावा, डोळ्यांवर ओला कापूस ठेवावा. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांसाठी मात्र रुग्णालयात मेंदूमृत्यू घोषित व्हावा लागतो.
- डॉक्टर घाई करणार नाहीत ना? मेंदूमृत्यूची तपासणी चार डॉक्टरांचे मंडळ करते, तीही किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा.
- अवयव कोणाला मिळतो? मुंबईत विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती प्रतीक्षायादीनुसार वाटप करते. अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा आहे.
- धर्माला चालते का? अनेक ज्येष्ठांना हाच प्रश्न छळत असतो. वाद घालू नये. अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींची आठवण पुरेशी असते. तरी मन होत नसेल तर नमस्कार करून सोडावे.

काय टाळावे?

रुग्णांची करुण छायाचित्रे आणि ‘तुमच्यामुळे कोणाचा तरी जीव जाईल’ अशी भाषा टाळावी. अपराधी वाटलेला माणूस सही करतो आणि घरी गप्प बसतो. आधारकार्डाच्या झेरॉक्स गोळा करू नयेत. राष्ट्रीय संस्था ‘नोटो’च्या संकेतस्थळावर आधारच्या मदतीने नोंदणी होते, ती ज्याने-त्याने आपल्या मोबाइलवर करावी. माहीत नसलेल्या वैद्यकीय प्रश्नावर अंदाज सांगू नये, समन्वय समितीकडे पाठवावे.

स्टॉल उठल्यावर काय?

प्रत्येकाला एक छोटे कार्ड द्यावे. त्यावर दोनच ओळी : ‘मी हे घरी कोणाला सांगितले?’ आणि ‘ते काय म्हणाले?’ रांगेत आई, मुलगा, सून एकत्र असतील तर हे बोलणे तिथेच सुरू करून द्यावे. एका दात्यामुळे आठ जणांपर्यंत जीव वाचू शकतात, पण त्यासाठी लागणारा होकार कठीण रात्री घरच्यांनाच द्यायचा असतो. तो त्यांना सोपा करून ठेवणे, हेच त्या टेबलाचे काम.